माझ्या यकृतातली गाठ, मामांचा मोत्या आणि सहा आठवड्यांचं रिमाइंडर

(या भागाचा हा लिखित मजकूर. हेडफोन घरी विसरला असाल तर वाचून घ्या. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि मागून येणारा कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज काढून टाकला आहे.)

नेहमी आपण इथं ॲप, जॉब, ईएमआय असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे आणि थोडा माझ्या पोटातला आहे. अक्षरशः पोटातला.

दोन वर्षांपूर्वी, मी २७ वर्षांचा असताना, आमच्या कंपनीची वार्षिक हेल्थ चेकअप होती. तुम्हाला माहितीये ती कशी असते. उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, आणि नंतर फुकटचा नाश्ता मिळतो म्हणून सगळे खूश. माझ्या पॅकेजमध्ये पोटाची सोनोग्राफी होती. मला काहीही त्रास नव्हता. ताप नाही, दुखणं नाही, वजन उलट वाढलेलं. सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम एका जागी थांबल्या. परत फिरवलं. परत थांबल्या. मग म्हणाल्या, "यकृतात गाठ दिसतेय. पाण्याची आहे. नऊ सेंटीमीटर."

नऊ सेंटीमीटर म्हणजे केवढी? एखादं मध्यम आकाराचं संत्रं हातात धरून बघा. साधारण तेवढी. आणि मी ते संत्रं पोटात घेऊन रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बाइक चालवत होतो.

रिपोर्टवर लिहून आलं 'साधी सिस्ट'. तो रिपोर्ट घेऊन मी एका दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, काळजी नको, सुई घालून पाणी काढून टाकू, संध्याकाळी घरी जाल. मला बरंच वाटलं. सुट्टी नको, ऑपरेशन नको. शनिवारची वेळ घेतली.

माझ्या कॉलेजमधल्या मित्राची ताई सर्जन आहे. सहज म्हणून मी तिला रिपोर्टचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. पहिला प्रश्न: "लहानपणी घरी कुत्रा होता का?"

मी म्हटलं, "घरी नाही, मामांकडं होता."

"मामांकडं शेळ्या-मेंढ्या आहेत?"

"आहेत ना. पन्नास-साठ मेंढरं."

"सुई घालू द्यायची नाही. उद्या इकडं ये."

आजचा भाग या दोन प्रश्नांबद्दल आहे. यकृताच्या गाठीचा आणि कुत्र्याचा काय संबंध? मेंढरांचा काय संबंध? आणि तिनं सुईला 'नाही' का म्हटलं?

तर या आजाराचं नाव हायडॅटिड. पुस्तकी नाव सिस्टिक एकायनोकॉकोसिस. हा एका पट्टकृमीमुळं होतो. पट्टकृमी म्हटलं की आपल्याला लांबलचक फितीसारखा जंत आठवतो. हा तसा नाही. हा जेमतेम तीन ते सहा मिलिमीटरचा असतो, तांदळाच्या कणीएवढा. तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. एकाच कुत्र्यात असे हजारो असू शकतात, आणि कुत्रा मात्र ठणठणीत. पळतोय, भुंकतोय, शेपूट हलवतोय. बघून काही कळत नाही.

या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डोळ्याला दिसत नाहीत. ती गवतावर, मातीत, पाण्यात जातात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. मेंढरू ते गवत खातं. अंडं मेंढराच्या आतड्यात फुटतं, आतला सूक्ष्म गर्भ आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसतो. तिथं हळूहळू पाण्याचा फोड तयार होतो. त्या फोडाच्या आत पुढच्या पिढीच्या जंतांची हजारो बारीक डोकी तयार होत असतात. मेंढरालाही सहसा काही त्रास दिसत नाही.

आता मेंढरू कापलं, किंवा म्हातारं होऊन माळावर मेलं. फोड असलेली कलेजी कुत्र्यानं खाल्ली. झालं. त्या प्रत्येक डोक्याचा कुत्र्याच्या आतड्यात एक नवा जंत होतो, आणि सहा-सात आठवड्यांत तो अंडी टाकायला लागतो. कुत्रा, मेंढरू, कुत्रा, मेंढरू. हे चक्र आपल्याशिवाय आरामात चालू शकतं.

माणूस यात चुकून येतो. अंडी हाताला लागतात, हात तोंडात जातो. किंवा न धुतलेली कोथिंबीर, किंवा उघड्यावरचं पाणी. आपल्या शरीराला मेंढराचं शरीर समजून तो गर्भ यकृतात घर करतो. साधारण सत्तर टक्के गाठी यकृतात, वीस टक्क्यांच्या आसपास फुप्फुसात, बाकीच्या कुठंही, अगदी मेंदूत किंवा हाडातसुद्धा. गाठ इतकी सावकाश वाढते की लहानपणी लागलेली लागण विशी-तिशीत, कधी पन्नाशीत कळते. म्हणजे माझ्या पोटात जे सापडलं त्याची सुरुवात मी बहुधा तिसरी-चौथीत असताना झाली होती.

इथं दोन गैरसमज लगेच काढून टाकू.

एक, मटण खाऊन हा आजार होत नाही. फोडवाली कलेजी माणसानं खाल्ली तरी त्यातून त्याला गाठ होत नाही. ती डोकी कुत्र्याच्या पोटात गेली तरच जंत होतात. माणसाला लागण होते ती कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांपासून. त्यामुळं "आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला काय" असं म्हणून चालत नाही. कच्ची पालेभाजी शाकाहारी माणूसच जास्त खातो.

दोन, सॅनिटायझर लावून ही अंडी मरत नाहीत. त्यांचं कवच जाड असतं, अल्कोहोलला ती दाद देत नाहीत. साबण आणि वाहत्या पाण्यानं चोळून हात धुतले की ती निघून जातात.

आता सुईचा प्रश्न. त्या गाठीतलं पाणी साधं पाणी नसतं. ते पोटात सांडलं तर दोन धोके. पहिला म्हणजे जोरदार ॲलर्जी. रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस टेबलावर जाऊ शकतो. दुसरा, सांडलेल्या पाण्यातल्या प्रत्येक डोक्यापासून पोटात नवीन गाठ होऊ शकते. सुईनं पाणी काढायची एक मान्य पद्धत आहे, पण ती सगळ्या गाठींसाठी नाही. आधी अल्बेंडॅझोल गोळ्या, ॲलर्जीची औषधं हाताशी, पाणी काढल्यावर आत जंत मारणारं द्रावण सोडायचं, ते परत ओढून घ्यायचं, असं सगळं असतं. 'साधी सिस्ट' समजून सहज टोचणं म्हणजे ती पद्धत नव्हे. माझ्या गाठीत तर आत आणखी छोट्या छोट्या गाठी होत्या, पिल्लं म्हणतात तशा. तिथं ऑपरेशनच करावं लागलं.

ऑपरेशनच्या आधी गोळ्या, नंतर महिनोन्महिने गोळ्या. गोळी स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायची, म्हणजे ती नीट शोषली जाते. जिमवाल्या मित्रांना मी सांगायचो, डॉक्टरांनीच तूप खायला सांगितलंय. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, कारण ही गोळी स्वतःच यकृताला त्रास देऊ शकते. आईनं त्या काळात माझ्याकडं बघून जेवढे उसासे टाकले ते मोजायला एक वेगळं ॲप लागलं असतं.

आता मी बरा आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफी करावी लागते, कारण गाठ परत येऊ शकते. पण आजची गोष्ट माझ्या ऑपरेशनची नाही. ती पुढं आहे.

आजोळ माझं माण तालुक्यात. पाऊस कमी, माळरान जास्त. मे महिन्याची सुट्टी आम्ही तिथंच काढायचो. तिथं मोत्या होता. पांढरा, एक कान काळा. मी आणि मोत्या दिवसभर एकत्र. तो माझं तोंड चाटायचा, मी त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपायचो. जत्रेला बोकड कापला की पोरांचं एक ठरलेलं काम असायचं. खराब कलेजी, फुप्फुस, जे माणसं खात नाहीत ते कुत्र्यांना टाकायचं. त्यावर पांढरे, पाण्यानं भरलेले फोड असायचे. आम्ही काडीनं टोचून बघायचो, पिचकारी उडायची. मग मोत्याला बोलवायचो. तो किती खूश व्हायचा.

हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या मला हे सगळं आठवलं. मोत्याला ते फोड मी स्वतःच्या हातानं खाऊ घातले होते.

मोत्या जाऊन पंधरा वर्षं झाली. पण मामांकडं आता दुसरा कुत्रा आहे. त्याचंही नाव मोत्याच. आणि मामांची नात आहे, सहा वर्षांची. ती दिवसभर मोत्याच्या गळ्यात पडलेली असते. माझ्या फोनमध्ये तिचा एक व्हिडिओ होता, मोत्या तिचं तोंड चाटतोय आणि ती खिदळतेय. आधी तो व्हिडिओ मी स्टेटसला ठेवला होता. ऑपरेशननंतर तो मला पूर्ण बघवेना.

म्हणून चालायला लागलो तसा मी गावी गेलो. आणि तिथं मी एकदम इंजिनियरसारखा वागलो. लॅपटॉप उघडला. कृमीचं जीवनचक्र, बाण, चित्रं. मामांना ओट्यावर बसवून वीस मिनिटं प्रेझेंटेशन दिलं. मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले,

"म्हंजी आमच्या घरानं तुला आजारी पाडलं, आसं म्हणायचंय का तुला?"

मी गप्प. ते उठून मेंढरांकडं गेले. रात्री जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. मामी म्हणाल्या, "त्यास्नी लागलं ते. तू दवाखान्यात व्हतास तवा रोज रातीला उठून बसायचं."

माझी चूक तिथं माझ्या लक्षात आली. माझ्या डोक्यात एक सिस्टिम होती आणि तिच्यात मला बग दाखवायचा होता. त्यांच्या डोक्यात त्यांचा भाचा होता. आणि मी त्यांना सांगत होतो की चूक तुमच्या अंगणात आहे.

या आजाराचा इतिहास वाचला तर हीच चूक देशांच्या पातळीवरही दिसते. ते थोडं सांगतो, कारण मला त्यातूनच रस्ता सापडला.

आइसलँड. १८६३ साली हाराल्ड क्राब नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तिथं गेला. तिथं माणसांमध्ये या गाठी प्रचंड होत्या. घरोघरी मेंढ्या, घरोघरी कुत्रे. त्यानं शंभर कुत्री तपासली, त्यातल्या २८ कुत्र्यांमध्ये हा जंत सापडला. मग त्यानं काय केलं? एक छोटी पुस्तिका लिहिली. आजार कसा होतो, काय करायचं, साध्या भाषेत. १८६४ मध्ये ती आइसलँडिक भाषेत छापून घरोघरी फुकट वाटली. तिथले लोक साक्षर होते, हिवाळा लांब होता, वाचायला वेळच वेळ. १८६९ मध्ये कुत्र्यांबद्दल कायदाही आला. हा आजार तिथून पुढं नाहीसा झाला. पण सुरुवात लोकांना गोष्ट नीट समजण्यापासून झाली होती.

न्यूझीलंड. तिथं कुत्र्यांसाठीच्या जंताच्या गोळ्या बरीच वर्षं मालकांच्या हातात दिल्या जात होत्या. घरी नेऊन द्या म्हणून. फारसा फरक पडला नाही, कारण गोळी घरी नेणं आणि कुत्र्याच्या पोटात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या घरातली व्हिटॅमिनची बाटली आठवा. मग १९५९ मध्ये कायदा झाला आणि प्रशिक्षित माणसं नेमली. ठरलेल्या दिवशी गावातली सगळी कुत्री एका जागी आणायची, तिथंच औषध द्यायचं. सुरुवातीला औषध होतं अरेकोलिन. ओळखीचं वाटतंय? हे सुपारीत असतं. अरेकोलिननं कुत्र्याला जुलाब व्हायचे आणि जंत बाहेर पडायचे, मालकाच्या डोळ्यांसमोर. आपला कुत्रा ठणठणीत आहे म्हणणाऱ्या माणसाला ते बघितल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नसे.

नंतर प्राझिक्वांटेल आलं. ही गोळी जंताला थेट मारते. ती दर सहा आठवड्यांनी द्यायला लागले. सहाच का? कारण जंताला मोठं होऊन अंडी टाकायला सहा-सात आठवडे लागतात. त्याच्या आत गोळी पडली की कुत्र्यानं मध्ये काहीही खाल्लेलं असो, अंडी बाहेर पडायच्या आधी जंत मेलेला असतो. मला हे इतकं आवडलं. चक्राचा वेळ मोजायचा आणि त्याच्या एक पाऊल आधी जाऊन उभं राहायचं. टास्मानियात असाच कार्यक्रम साठच्या दशकात सुरू झाला आणि १९९६ मध्ये त्यांनी आपण या आजारातून तात्पुरते मुक्त झाल्याचं जाहीर केलं. न्यूझीलंडनं २००२ मध्ये. वर्षं मोजा. तीस, चाळीस वर्षं. एका मोहिमेत होणारं हे काम नाही.

आता तुम्ही म्हणाल, ते बेटावरचे देश. प्रत्येक कुत्र्याला मालक. आपल्याकडं? आपल्याकडं मटणाच्या दुकानामागं जी आठ कुत्री बसलेली असतात त्यांना मालक कोण? बरोबर आहे. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार साधारण २७ लाख मेंढ्या आणि एक कोटीहून जास्त शेळ्या आहेत. यातली किती घरामागं, किती झाडाखाली कापली जातात याचा विचार करा. परवाना असलेल्या कत्तलखान्यात प्राण्यांचे डॉक्टर कलेजी-फुप्फुस तपासतात आणि खराब अवयव बाजूला काढतात. झाडाखाली कोण काढणार?

काही लोक म्हणतात, मग कुत्रीच मारून टाका. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यानं हा प्रश्न सुटत नाही. खायला टाकलेलं तसंच पडून राहिलं तर रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात. कुत्र्याला हा जंत आपणच खाऊ घालतो. टाकणारा हात थांबवणं हा पहिला उपाय आहे. गोळी दुसरा. आणि तिसरा उपाय म्हणजे मेंढ्यांसाठीची लस. ईजी-९५ नावाची लस आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात बनवली. अर्जेंटिना आणि चीनमध्ये ती वापरली गेली आहे. मी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी विचारलं, तिथं मला मिळाली नाही. म्हणून आमच्यापुरते उपाय दोनच उरले.

परत मामांकडं येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप पिशवीतच ठेवला. मामींच्या चुलीपाशी बसलो. त्यांनी विचारलं, "मला येवढंच सांग, करायचं काय?"

मी म्हटलं, "मामी, कलेजी-फुप्फुस कच्चं कुत्र्याला टाकायचं नाही. टाकायचंच असेल तर चांगलं अर्धा तास उकळून. नाहीतर खोल पुरायचं, कुत्रं उकरणार नाही इतकं."

"येवढंच?"

"आणि मोत्याला दर सहा आठवड्यांनी गोळी. वजनावर असते."

"आन् पोरीचं?"

"तिचे हात साबणानं. जेवायच्या आधी. आणि मोत्याला तोंड चाटू द्यायचं नाही."

मामींनी माळ्यावरचं एक जुनं जर्मनचं पातेलं काढलं. म्हणाल्या, "हे मोत्याचं. ह्यात दुसरं काय शिजवायचं न्हाई." संपला विषय. माझ्या वीस मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये पातेलं कुठंच नव्हतं.

मामा दुपारी बोलले. तेही स्वतःहून. म्हणाले, "ही म्हातारी मेंढरं माळावर मरत्यात, ती बी पुरायची का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "उन्हाळ्यात माळ खणायचा म्हंजी पहार मोडती." मग थोडं थांबून, "बघू." त्यांचा प्रश्न एकदम बरोबर होता. म्हाताऱ्या मेंढ्यांमध्ये या गाठी जास्त असतात, कारण त्यांना वाढायला वर्षं मिळालेली असतात. म्हणजे सगळ्यात धोक्याचं जनावर तेच, जे कुणी खात नाही आणि माळावर टाकून देतं. हे माझ्या स्लाइडवर नव्हतं. मामांना आपणहून कळलं.

आणि त्यांची एक अडचण खरी होती. ते म्हणाले, "मोत्या हाय म्हणून लांडगं वाड्याकडं येत न्हाईत. त्याला नुसत्या भाकरीवर ठिवलं तर तो राखण करंल का?" मी शहरात बसून 'कुत्र्याला मांस देऊ नका' म्हणणं सोपं आहे. त्यांच्यासाठी मोत्या हा वॉचमन आहे आणि वजडी हा त्याचा पगार. म्हणून आम्ही ठरवलं, पगार बंद नाही करायचा, शिजवून द्यायचा.

मोत्याला पहिली गोळी मामांनीच दिली, गुळाच्या खड्यात दाबून. गोळीनं जंत मरतो, पण त्याच्या आधीच तयार झालेली अंडी मरत नाहीत. म्हणून पुढचे दोन दिवस त्याला बांधून ठेवला आणि त्याची घाण गोळा करून जाळली. तो दोन रात्री इतका ओरडला की सगळी वस्ती जागी. शेजारचे विचारायला आले. आणि मग गंमत अशी की मामांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बाण नाहीत, चित्रं नाहीत. "आमच्या भाच्याच्या पोटातनं नारळायेवढी गाठ काढली." नारळाएवढी नव्हती, संत्र्याएवढी होती. मी दुरुस्त करायला गेलो नाही.

त्या वस्तीवर चौदा कुत्री आहेत. नऊ घरांनी गोळी द्यायला होकार दिला. पाच कुत्र्यांचं अजून काही जमलेलं नाही. त्यातली दोन कुणाचीच नाहीत. आणि मोत्या स्वच्छ असला तरी ती पाच कुत्री त्याच माळावर फिरतात, हे मला माहितीये. गोळी म्हणजे लस नाही. आज दिली आणि उद्या त्यानं पुन्हा कच्ची कलेजी खाल्ली तर नवे जंत बसतात.

तपासणीचं म्हणाल, तर मी मामांच्या घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करून घेतली. अर्जेंटिनात रिओ नेग्रो नावाचा प्रांत आहे, तिथं शाळेतल्या मुलांची अशी सोनोग्राफी वर्षानुवर्षं करतात, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते. तिथून मला ही कल्पना आली. नातीचा रिपोर्ट स्वच्छ आला. मामी स्वच्छ. मामांच्या यकृतात एक छोटी, जुनी गाठ निघाली. दगडासारखी झालेली, म्हणजे मेलेली. डॉक्टर म्हणाले, हिला हात लावायचा नाही, फक्त बघत राहायचं. मामा रिपोर्ट हातात धरून बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "म्हंजी तुज्या आधी मला झालीती की रं." आणि हसले. ओट्यावरच्या त्या दिवसानंतर ते माझ्याकडं बघून पहिल्यांदा तसं हसले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या आजारानं आणि त्याच्या भावंडानं जगात दरवर्षी सुमारे १९,३०० लोक मरतात. कुठल्याही क्षणी दहा लाखांहून जास्त लोक याच्यासोबत जगत असतात. बहुतेक जण मेंढपाळ, शेतकरी, खाटीक आणि त्यांची मुलं. हा आजार कुठल्या जातीचा किंवा व्यवसायाचा दोष नाही. जिथं कुत्रा, जनावर आणि कच्चं टाकलेलं मांस एकत्र येतं, तिथं तो येतो. ती जागा माण तालुक्यातला माळ असू शकते, तुमच्या सोसायटीच्या बाहेरचं मटणाचं दुकानही असू शकते.

तर जाता जाता तुमच्यासाठी काय?

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर पुढच्या वेळी लस द्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, "पट्टकृमीची गोळी यात आहे का?" जंताचं प्रत्येक औषध या कृमीवर चालत नाही. प्राझिक्वांटेल हे नाव लक्षात ठेवा. आणि कच्ची कलेजी, फुप्फुस त्याला देऊ नका, कितीही लाडका असला तरी.

तुम्ही रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालत असाल, तर दुकानातून आणलेलं मांस शिजवून घाला.

गावी जत्रा असेल, बोकड कापणार असतील, तर फोड असलेला अवयव कुत्र्यापर्यंत जाऊ देऊ नका. खड्डा आधीच खणून ठेवा. पोरांना टोचाटोची करू देऊ नका. आम्ही केली होती.

आणि सोनोग्राफीत 'पाण्याची गाठ' असं काही आलं, तर सुई घालायच्या आधी डॉक्टरांना स्वतःहून सांगा की लहानपणी कुत्रा होता, मेंढरं होती, किंवा आजोळ तसं आहे. तो प्रश्न मला विचारला गेला, म्हणून आज मी हा भाग रेकॉर्ड करतोय.

माझ्या फोनमध्ये एक रिमाइंडर आहे. दर सहा आठवड्यांनी, रविवारी सकाळी आठ वाजता. 'मोत्या गोळी.' तो वाजला की मी मामांना फोन लावतो. मागच्या रविवारी लावला तर नातीनं उचलला. मी म्हटलं, "आजोबांना दे." ती म्हणाली, "आजोबा मोत्याला गूळ देत्यात. तुमचा फोन यायच्या आधीच."

चला, भेटू पुढच्या भागात. हात धुवा. साबणानं.